मिश्र पिकाचा रकाना : उल्हास खोऱ्यातील पीकवैविध्य आणि कीटकसृष्टी

शेतीच्या इतिहासाची साधने पिकांविषयी बोलतात. कीटकांविषयी ती बहुधा मौन पाळतात. कीटक कागदावर येतो तो 'कीड' म्हणून आणि तोही नुकसानीच्या वर्षी. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरातील कीटकसृष्टीचा इतिहास आडवाटेनेच, म्हणजे पिकांच्या नोंदींवरून वाचावा लागतो. सातबाऱ्यातील गाव नमुना बारामध्ये 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' आणि 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र' असे वेगळे रकाने असत. महसुलाच्या सोयीसाठी केलेला हा भेद पर्यावरणाच्या इतिहासालाही उपयोगी पडतो.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भात हे प्रमुख पीक असले, तरी त्याच्या जोडीला नाचणी, वरी, तूर, उडीद, वाल, तीळ व खुरासणी यांची नोंद आहे. या पिकांची मांडणी जमिनीच्या चढउतारावर ठरत असे. खाचरात भात, बांधावर तूर, भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, आणि वरकस जमिनीवर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, पुढे खुरासणी व नंतर काही वर्षे पड. भातातही हळवे, निमगरवे व गरवे असे भेद होते. पडीक वरकसाला उत्पन्नाच्या हिशेबात स्थान नव्हते. जमिनीत घरटी करणाऱ्या एकाकी मधमाश्यांना मात्र अशीच न नांगरलेली जमीन लागते.

या मांडणीमुळे फुलोरा एकदम येऊन एकदम संपत नसे. खुरासणीवर मधमाश्या, तुरीच्या फुलांवर मोठे काळे भुंगे, हिवाळ्यात वालाचा बहर, असा अन्नाचा क्रम लागत असे. पाणथळ खाचरात चतुर व टाचण्या वाढत. मात्र जुनी शेती कीडमुक्त होती, हा समज भाबडा म्हणावा लागेल. खोडकिडा, लष्करी अळी व निळे भुंगेरे तेव्हाही होते. हळव्या-गरव्या भाताच्या मागेपुढे येणाऱ्या हंगामामुळे किडीलाही अधिक काळ अन्न मिळत असे. वैविध्याने कीड नाहीशी होत नव्हती. तिच्या भक्षकांना वर्षभर आसरा मिळत होता, इतकेच. पण हे 'इतकेच' थोडे नव्हे.

१९६० च्या दशकात बदल वेगाने झाले. तायचुंग नेटिव्ह-१, आयआर-८ (१९६६) व जया (१९६८) ही बुटकी, खताला प्रतिसाद देणारी भाताची वाणे देशात आली. याच खोऱ्यात वरच्या अंगाला, कर्जत येथे १९१९ पासून भात संशोधन केंद्र होते. अधिक धान्याची गरज खरी होती. त्या धोरणाला आज दूषण देणे अन्यायाचे ठरेल. परंतु नत्राची मात्रा वाढली की तुडतुडेही पोसले जातात, आणि बीएचसीसारख्या भुकट्यांनी (देशात १९९७ पासून बंदी) किडीबरोबर तिचे शत्रूही मरत. १९७३-७४ मध्ये केरळात तपकिरी तुडतुड्यांचा मोठा उद्रेक झाला. इंडोनेशियाने तर १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. जावामधील पुढील अभ्यासातून असे दिसले की, हंगामाच्या आरंभी खाचरातील कुजत्या पालापाचोळ्यावर वाढणारी निरुपद्रवी चिलटे हेच कोळी व अन्य भक्षकांचे पहिले अन्न असते. लवकर केलेली फवारणी ही पंगतच उधळून लावते.

उल्हास खोऱ्यात याखेरीज आणखी एक कारण घडले. १९४९ साली लष्करी छावणीच्या जागी निर्वासितांचे उल्हासनगर उभे राहिले. १९६२ नंतर अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक क्षेत्रे आली. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मधील सुमारे ९८ हजारांवरून २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली. बिगरशेती झालेल्या जमिनीची नोंद कागदावर होते. वालाचे दुसरे पीक थांबलेले शेत मात्र कागदावर शेतच राहते. तेथील हिवाळी बहर गेला, हे कोठेही नोंदले जात नाही.

२०२१ पासून राज्यात शेतकरी ई-पीक पाहणीद्वारे स्वतःच्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करतो. मिश्र पीक तेथेही नोंदवता येते. बांधावर ओळीने लावलेली तूर किती गुंठे धरावी, हा प्रश्न मात्र तलाठ्याच्या वहीइतकाच त्या पडद्यावरही अवघड आहे.