कवितेची मुदत

अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस ठेवतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग म्हणण्यासाठी परवानगी घ्यायची असते, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. रचना कोणाची, हे नाममुद्रा सांगत असे, तेवढे पुरे होते. पुढे छापखाना आला आणि नावाबरोबर पैशाचाही प्रश्न आला.

इंग्लंडमध्ये १७१० साली राणी अ‍ॅनच्या कारकिर्दीत कायदा लागू झाला. त्याने नव्या पुस्तकाचा हक्क लेखकाला १४ वर्षांसाठी दिला. तोवर लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे. म्हणजे हा हक्क मुदत घेऊनच जन्माला आला. घरजमिनीसारखा तो पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही. आपल्याकडे १९१४ चा कायदा इंग्रजी कायद्याच्याच धर्तीवर होता. स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि लेखकाच्या हयातीनंतर ५० वर्षे ही मुदत ठरवली.

या मुदतीची कसोटी लागली ती रवींद्रनाथांच्या बाबतीत. ते १९४१ मध्ये गेले. १९९१ संपताच त्यांचे साहित्य सर्वांना खुले होणार होते, आणि हक्क होते विश्वभारतीकडे. ऐन तोंडावर, डिसेंबर १९९१ मध्ये वटहुकूम निघाला. मुदत ६० वर्षांची झाली, तीही सर्वच लेखकांसाठी. त्यामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची पुस्तके २००१ ऐवजी २०११ च्या आरंभी खुली झाली. गांधीजींच्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे होते. २००८ अखेर ते संपले, तेव्हा ट्रस्टने मुदतवाढ मागितली नाही. दोन थोर माणसे, दोन वेगळ्या वाटा.

पण मुदत संपेपर्यंत वाचकाने हात बांधून बसायचे का? नाही. याच कायद्याचे कलम ५२ त्यासाठीच आहे. खासगी अभ्यास, संशोधन, टीका, परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी रास्त वापर करता येतो. प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा सभेत वाचून दाखवता येतो. प्रश्नपत्रिकेत कविता देता येते. वरातीत बँडवाल्याने सिनेमाचे गाणे वाजवले तर तो हक्कभंग नव्हे, हेही १९९४ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या विदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून तिथे विद्यार्थ्यांना मिळत. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीची सवलत उचलून धरली आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अंध वाचकांसाठी ब्रेल वा ध्वनिपुस्तक करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

'रास्त' म्हणजे किती ओळी, याचा आकडा मात्र कायदा देत नाही. हेतू काय, घेतले किती आणि मूळ कृतीच्या विक्रीवर त्याचा परिणाम काय, हे पाहिले जाते. दादरा-ठुमरीच्या बंदिशीसारखी कविता आटोपशीर असते. आठ ओळींच्या कवितेतल्या दोन ओळी परीक्षणात घेणे वेगळे, आणि तीच कविता संपूर्ण भेटकार्डावर छापून विकणे वेगळे. 'खाली कवीचे नाव दिले आहे ना!' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. नाव देणे हे सौजन्य आहेच, पण ते परवानगीची जागा घेत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. परवानगी लागत नाही म्हणून नाव गाळता येत नाही. कलम ५७ ने लेखकत्वाचा हक्क आर्थिक हक्कापासून वेगळा ठेवला आहे. पुस्तकाचे सर्व हक्क विकून टाकले, तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा हक्क कवीकडेच राहतो.