घंटा वाजवणाऱ्यांचे बळी

ढग दाटून आले, गडगडाट सुरू झाला की युरोपातल्या गावोगावी चर्चची घंटा घणघणू लागे. तिच्या नादाने वीज पांगते, अशी शेकडो वर्षांची श्रद्धा. ‘मी वीज मोडते’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे घंटेवरच कोरलेली असत.

प्रत्यक्षात याहून धोक्याची जागा शोधूनही सापडली नसती. ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. साधारणपणे खालच्या भागात ऋणभार साठतो आणि जमिनीकडे झेपावणारी वीज बहुधा उंच टोक गाठते. गावातले सर्वांत उंच टोक म्हणजे चर्चचा मनोरा, आणि त्याखाली ओला दोर धरून उभा असलेला माणूस! १७८४ मध्ये म्युनिकला निघालेल्या एका पुस्तकात ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज कोसळून १०३ घंटावादक दगावल्याची नोंद होती.

बेंजामिन फ्रँकलिनची तडितरक्षक सळई तोवर माहीत झाली होती, पण लोकांना तिचीच भीती. फ्रान्समधल्या सेंतोमेरला एका वकिलाने ती घरावर बसवली, तेव्हा शेजारी थेट कोर्टात गेले. १७८३ मध्ये सळईच्या बाजूने खटला जिंकणारा तरुण वकील होता रोबेस्पिएर. होय, पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला तोच!

आजचा नियम साधा आहे: गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे, झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.