अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त
पाली त्रिपिटकातील मज्झिमनिकायाचे ६१ वे सुत्त. आपले कर्म चांगले की वाईट, हे ज्याचे त्याने कसे पारखावे याची पद्धत यात सांगितली आहे. राजगृहाजवळील अंबलट्ठिका येथे बुद्धांनी आपला पुत्र राहुल याला हा उपदेश केला.

पाय धुतल्यावर बुद्ध भांड्यात थोडे पाणी उरू देतात, ते ओतून टाकतात, भांडे पालथे घालतात आणि पुन्हा उताणे करून त्याचे रितेपण दाखवतात. जाणूनबुजून खोटे बोलायला न लाजणाऱ्याचे श्रामण्य (भिक्षुजीवन) असेच पोकळ होते, हे त्यातून राहुलाला कळते.

पुढे आरशाचा दृष्टांत येतो. आरशात चेहरा निरखावा तसे काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासावे. त्याने स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का, हा निकष. होणार असेल तर ते करू नये; होत असेल तर थांबवावे. घडून गेलेले अकुशल (वाईट) कायिक वा वाचिक कर्म गुरूजवळ किंवा जाणत्या सब्रह्मचाऱ्याजवळ (सहसाधकाजवळ) उघड करावे, मनातल्या अकुशलाची लाज बाळगावी आणि पुढे संयम राखावा. कर्म कुशल (चांगले) ठरल्यास त्याच्या आनंदात अहोरात्र साधना चालू ठेवावी. दोषाची कबुली आणि सत्कर्माचा आनंद या दोहोंना येथे साधनेत स्थान आहे.

अशोकाच्या भाब्रू शिलालेखात भिक्षू-भिक्षुणी, उपासक-उपासिकांसाठी सुचवलेल्या सात धर्मग्रंथांत असत्याविषयीच्या राहुलोवादाचा उल्लेख आहे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात या सात ग्रंथांची चर्चा केली आहे.