जुन्नरचे यवन आणि मुंबईतील ‘घाटी’

जुन्नर-आंबेगावच्या मनुष्यास परकेपणाची ओळख दोन्ही अंगांनी आहे. प्राचीन काळी या भूमीने परके पाहिले. पुढे आपलेच पूर्वज परके होऊन घाट उतरले.

सातवाहनकाळी कोकणच्या बंदरांतील माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. मालाबरोबर माणसेही येत. जुन्नर परिसरातील लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांचे दानलेख आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, पुढे पश्चिमेकडील इतर परदेशीयही. इरिलाने पाण्याच्या दोन पोढी खोदविल्या, चिटाने भिक्षुसंघास भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याच्या दर्शनी भागासाठी दान केले. हे लेख इतर दात्यांच्या लेखांप्रमाणेच प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत आहेत. मात्र आपण यवन आहोत हे त्यांनी लपविलेले नाही.

त्याच युगातील नाशिकचा लेख याच्याशी ताडून पाहावा. गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, शक, यवन व पल्हव यांचा संहारक म्हणून त्यात गौरव केला आहे. मनुस्मृतीनेही यवनांची गणना आचारभ्रष्ट क्षत्रियांत केली. दरबार आणि धर्मशास्त्र यांची भाषा ही अशी, आणि पेठेतील व्यवहार मात्र निराळा! दान स्वीकारले म्हणजे सोयरीक झाली, असे अर्थातच कोणी समजू नये. तरीही नावानिशी कोरलेली ओळ अठराशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्या पूर्वजांच्या वाट्यास मुंबईत हे नावही आले नाही. गिरण्या व गोदी यांनी शहर असे फुगविले, की १९२१ च्या खानेसुमारीत शंभरांतील सुमारे ८४ रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. म्हणजे बहुतेक सारेच उपरे. तथापि काल आलेल्याने आज आलेल्यास हिणवावे, ही शहराची रीतच असावी. घाटावरून आला तो ‘घाटी’. आरंभी केवळ दिशा सांगणारा हा शब्द पुढे अडाणी, राकट, ओझी वाहणारा अशा अर्थाने शिवी झाला. घरगड्याचे नाव काहीही असो, मालकिणीच्या तोंडी तो ‘रामा’च. अनेक घरांना गडी हवा होता. त्याचे नाव नको होते.

याच माणसांनी एका खोलीत आळीपाळीने निजून, खानावळीत जेवून गावी मनिऑर्डरी धाडल्या. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबे पोहोचविण्याच्या धंद्यात जुन्नर, आंबेगाव, खेड व मावळ येथील माणसे भरली. ज्याला दारात उभे करण्यास लोक कचरत, त्याच्याच हाती घरचे अन्न विश्वासाने देऊ लागले. पाठीवर ओझी वाहणाऱ्यांस कायद्याचे संरक्षण मिळण्यास मात्र १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. गावाच्या खोल्या आणि ज्ञातिमंडळे यांचा जन्म याच उपेक्षेतून झाला. केवळ स्नेहसंमेलनाच्या हौसेतून नव्हे.

आता पाट उलट वाहू लागला आहे. डिंभे, माणिकडोह, येडगाव या धरणांनी व कालव्यांनी पूर्वेकडील शिवार बागायती झाले. नारायणगावच्या टोमॅटोच्या हंगामात व द्राक्षबागांत बाहेरगावचे मजूर राबतात. त्यांत डोंगरपट्ट्यातील आदिवासी बांधव आहेत, परप्रांतीयही आहेत. त्यांच्याविषयी आपल्या ओसरीवर जे शब्द ऐकू येतात, ते गिरणगावात आपल्या आजोबांनी ऐकलेल्या शब्दांहून फारसे निराळे नाहीत. चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो. मुकादमाच्या वहीत हजेरी असते, मालकास नाव ठाऊक नसते.

१९८२ च्या संपानंतर गावी परतलेले गिरणी कामगार अद्याप काही कुटुंबांत आहेत. मुंबईत प्रथम उतरल्यावर त्यांना कोणी कोणत्या नावाने हाक मारली, खोली कोणी नाकारली आणि कोणी दिली, हे घरातील तरुणांनी विचारून लिहून काढावे आणि पुढील स्मरणिकेसाठी मंडळाकडे पाठवावे.