कड्याचा परवाना : तटबंदी, रान आणि गिधाडे

बंगळूरहून पश्चिमेस किंवा नैर्ऋत्येस पन्नास-साठ किलोमीटर गेले की ग्रॅनाइटचे अजस्र गोलघुमट दिसू लागतात. त्यांतील सावनदुर्ग हा आशियातील सर्वांत मोठ्या एकसंध खडकांपैकी एक मानला जातो, तर रामनगरचे कडे १९७५ च्या ‘शोले’मुळे सर्व भारताला ठाऊक झाले. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर हात घासून मोठी झालेली आणि नोकरीनिमित्त या शहरात आलेली मराठी मुले सुटीच्या दिवशी दोर घेऊन येथे येतात, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो परवान्याचा. ‘डोंगर चढायला परवाना कशाला?’ ही त्यांची प्रतिक्रिया स्वाभाविक असली, तरी इतिहासाला धरून नाही. आपल्याकडे डोंगर फारसा कधी मोकळा नव्हताच. तो कोणासाठी आणि का बंद ठेवायचा, याची कारणे तेवढी बदलत गेली.

पहिले कारण संरक्षणाचे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. गडाची वाट सुगम असू नये, घेऱ्यातील झाडी प्रयत्नपूर्वक राखावी, असा त्याचा आशय. झाडी ही गडाची बाहेरची तटबंदीच होती. १६७० मध्ये कोंढाणा आणि १६७३ मध्ये पन्हाळा रात्रीच्या अंधारात कडा चढून घेतला गेला. अशा राज्यात कड्यावर चढणारा अनोळखी माणूस हा आधी संशयित असणार, हे उघड आहे. सावनदुर्गाचीही हीच रीत होती. बांबूचे दाट रान आणि रोगट हवा यांमुळे तो अजिंक्य समजला जाई. डिसेंबर १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि २१ तारखेला किल्ला पडला, तेव्हा त्या समजुतीचा शेवट झाला.

दुसरे कारण लाकडाचे. रेल्वे, गोदी आणि बांधकाम यांसाठी सरकारला इमारती लाकूड हवे होते. त्यासाठी १८६५ चा व त्यापाठोपाठ १८७८ चा वन कायदा आला. दुसऱ्या कायद्याने वनांचे वर्ग पाडले. त्यांतील राखीव वनाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : जे स्पष्टपणे दिलेले नाही, ते निषिद्ध. या वनात विनापरवाना पाऊल टाकणे हाच अपराध ठरला. हेच तत्त्व १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कायम राहिले. म्हैसूर संस्थानाने १९०० मध्ये स्वतःचा वन कायदा केला आणि पुढे त्याची जागा १९६३ च्या कर्नाटक वन अधिनियमाने घेतली. गुराखी, मोळीविक्या आणि लाकूडचोर यांना डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या या वाक्यरचनेत हौसेने खडक चढणारा माणूस कोठेच नव्हता. तरीही त्याला लागू होतो तो हाच कायदा.

तिसरे कारण वन्यजीवांचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २७ ने अभयारण्यातील प्रवेश मर्यादित केला. कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक ठरावीक प्रयोजनांसाठीच परवाना देऊ शकतात : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. कलम ३५ मुळे या तरतुदी राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. या यादीत प्रस्तरारोहण नाही, दोर लावून घळीतून उतरणेही नाही. परिणामी आरोहक हा कायद्याच्या दृष्टीने ‘पर्यटक’ ठरतो. पर्यटनाची चौकट मात्र ठरलेला रस्ता आणि ठरलेली वेळ यांभोवती उभी आहे. आरोहक रस्ता सोडतो, कड्यावर तासन्‌तास थांबतो, प्रसंगी खडकात बोल्ट ठोकतो. कलम २९ अधिवासाच्या हानीस मनाई करते; पण एक बोल्ट म्हणजे हानी की नाही, हे कलमाचे शब्द सांगत नाहीत. कायदा गप्प असला की निर्णय त्या दिवशी फाटकावर असलेल्या कर्मचाऱ्याकडे जातो आणि तो बिचारा स्वतःला सुरक्षित असा निर्णय घेतो : नाही.

हा नकार नेहमीच अनाठायी असतो असे नव्हे. रामनगरच्या रामदेवर बेट्ट्यावर लांब चोचीची गिधाडे कपारीत घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे देशभर गिधाडांचा संहार झाला. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०१२ मध्ये रामनगरचे सुमारे ३४६ हेक्टर क्षेत्र देशातील पहिले गिधाड अभयारण्य म्हणून घोषित झाले. हे गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या चढाईच्या हंगामात, घरट्याशेजारून दोर सोडला आणि पक्षी उठला, तर त्या जोडप्याचे वर्ष वाया जाऊ शकते. या कड्यापुरता चढाईचा हक्क दुय्यम आहे, हे आरोहकांनीही मान्य करायला हवे.

प्रश्न उरतो तो इतर कड्यांचा. आपल्याकडे नियम बहुधा अपघातानंतर जन्माला येतात. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या वणव्यात वीसहून अधिक गिरिभ्रमणकर्ते मृत्युमुखी पडले. त्या राज्याने आधी बंदी घातली, मग नियम केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० वाटा मार्गदर्शक व ऑनलाइन नोंदणीसह खुल्या केल्या. कर्नाटकात जानेवारी २०२४ च्या अखेरीस कुमारपर्वतावर लोटलेल्या गर्दीनंतर ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटा थांबवण्यात आल्या. पुढे दैनंदिन मर्यादेसह नोंदणीची व्यवस्था आली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आखून आयोजकांच्या नोंदणीवर भर दिला. मात्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील सांदण दरीत उतरणाऱ्याला वन्यजीव कायदा वेगळा पाळावा लागतोच.

अमेरिकेतील मराठी वाचकांना याच्या उलट अनुभव असेल. झायन राष्ट्रीय उद्यानात दोर लावून घळीत उतरण्यास परवाना लागतो आणि त्याची संख्या मर्यादित असते. योसेमिटीत २०२१ पासून कड्यावर रात्र काढणाऱ्यांना परवाना आवश्यक झाला. बहिरी ससाण्याच्या विणीच्या काळात तेथे नेमके तेवढेच कडे बंद होतात, बाकीचे खुले राहतात. हे जमते, कारण कोणत्या कड्यावर घरटे आहे हे दरवर्षी कोणीतरी पाहून येते.

येथेच प्रशासनाचे खरे मर्म आहे. बंदीला एक सही पुरते. परवान्याला माणसे, नोंदवही आणि कड्याची माहिती लागते. म्हणून बंदी स्वस्त वाटते. पण बंदी असली तरी लोक जातात, रात्री जातात आणि न सांगता जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये नंदी टेकड्यांजवळ ब्रह्मगिरीच्या खडकावरून घसरून अडकलेल्या एका विद्यार्थ्याला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने वाचवले. त्याला संपर्क साधता आला, म्हणून त्याचा ठावठिकाणा कळला. ज्याला तो साधता येणार नाही, त्याला कोठे शोधायचे? परवान्याच्या पुस्तकातील एक ओळ या प्रश्नाचे उत्तर असते.

तेव्हा परवाना हा केवळ अडवण्याचा कागद नव्हे. तो घरट्याला हंगाम देतो, आरोहकाला वाट देतो आणि शोधपथकाला नाव व ठिकाण देतो. १८७८ च्या कायद्याने ‘आत कोण शिरले?’ एवढेच विचारले होते. आता ‘संध्याकाळी सगळे परत आले का?’ हेही विचारणारा नियम हवा.