शैक्षणिक कर्ज आधी फेडावे की निवृत्तीची तरतूद करावी?

भारतीय बँक संघाने २००१ मध्ये शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना तयार केली. तेव्हापासून उच्च शिक्षणासाठी कर्ज काढणे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या अंगवळणी पडत गेले. पहिली नोकरी लागते, हप्ता सुरू होतो आणि पगारातून दरमहा चार-पाच हजार रुपये मागे पडू लागले की प्रश्न उभा राहतो. डोक्यावरचे ऋण आधी उतरवावे, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. निवृत्तीसाठीची गुंतवणूक जितकी लवकर तितकी चांगली, असे अर्थसल्लागार सांगतात. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. त्यामुळे निवड भावनेपेक्षा आकडेमोडीवर सोपवणे इष्ट.

व्याजाचा खरा दर

कर्जफेडीतून होणारा लाभ निश्चित असतो. साडेदहा टक्के व्याजाचे कर्ज मुदतीपूर्वी फेडणे म्हणजे त्या रकमेवर कोणत्याही जोखमीविना साडेदहा टक्के मिळवणे होय. मात्र या दरावर प्राप्तिकराचा परिणाम होतो. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या संपूर्ण व्याजाची वजावट मिळते. १९६१ च्या कायद्यातील 'कलम ८० ई' या नावाने ती परिचित आहे. परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत ती घेता येते. मुद्दलाला ती लागू नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला अधिभाराविना, केवळ उपकर धरून, साडेदहा टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात सुमारे सव्वासात टक्क्यांना पडते. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच प्रणाली आपोआप लागू होत असल्याने, आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे प्रथम तपासावे.

दोन मार्गांचा हिशेब

दहा लाख रुपयांचे कर्ज, साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो. एकूण व्याज सुमारे ६ लाख १९ हजार रुपये होते. याच हप्त्यात दरमहा पाच हजारांची भर घातली, तर कर्ज सुमारे सहा वर्षे दोन महिन्यांत फिटते आणि जवळपास २ लाख ५९ हजार रुपयांचे व्याज वाचते.

आता दुसरा मार्ग पाहू. कर्ज नेहमीच्या हप्त्याने चालू ठेवून तेच पाच हजार रुपये दहा वर्षे गुंतवले आणि सव्वाआठ टक्के परतावा मिळाला, तर सुमारे ९ लाख २८ हजार रुपये जमतात. २०२४-२५ साठी कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर एवढाच होता. उलट, आधी कर्ज फेडून उरलेली जवळपास चार वर्षे वाढीव हप्त्याची सगळी रक्कम, म्हणजे दरमहा सुमारे १८,५०० रुपये, त्याच दराने गुंतवल्यास सुमारे १० लाख ८ हजार रुपये हाती येतात. परतावा बारा टक्के धरला, तर पारडे फिरते. गुंतवणाऱ्याकडे सुमारे साडेअकरा लाख आणि आधी कर्ज फेडणाऱ्याकडे सुमारे १० लाख ८६ हजार जमतात. बारा टक्के हे मात्र शेअर बाजारावर अवलंबून असलेले अनुमान आहे. त्याची हमी कोणी देत नाही.

दोन्ही उदाहरणांत दहा वर्षांनंतरचा फरक एक लाखाच्या आतच राहतो.

हप्ता संपल्यावर काय?

खरा फरक पडतो तो कर्ज फिटल्यानंतरच्या वागणुकीने. वर आधी फेडणाऱ्याचा जो लाभ दिसतो, तो हप्त्याची रक्कम दुसऱ्याच महिन्यापासून गुंतवली तरच. ती नव्या वाहनात किंवा वाढत्या खर्चात विरली, तर कर्जमुक्ती मिळूनही दहा वर्षांअखेर निवृत्तीसाठी हाती काहीच उरत नाही. या दिरंगाईची किंमत मोठी असते. आठ टक्के परतावा धरल्यास पंचविसाव्या वर्षापासून साठीपर्यंत दरमहा पाच हजार गुंतवणाऱ्याकडे सुमारे १ कोटी १५ लाख रुपये जमतात. पस्तिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याकडे साडेसत्तेचाळीस लाख. गुंतवलेल्या रकमेतील फरक अवघा सहा लाखांचा असतो.

सहकर्जदाराची बाजू

शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सामान्यतः सहकर्जदार असतात. आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढील कर्जासाठी अनेकदा राहते घर किंवा ठेवी गहाण पडतात. हप्ते थकले तर पाल्याबरोबर पालकांच्या पतनोंदीवरही डाग लागतो. वडील निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतील आणि घर बँकेकडे तारण असेल, तर कर्ज लवकर फेडण्याला आकडेमोडीपलीकडचे कारण आहे. तेथे पाल्याच्या दूरच्या निवृत्तीपेक्षा पालकांची जवळ आलेली निवृत्ती महत्त्वाची ठरते.

क्रम कसा असावा?

प्रथम तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवावी. कर्जखात्यात भरलेले पैसे नोकरी गेल्यास परत मिळत नाहीत. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नये. नोकरी बदलताना तो काढून कर्ज फेडण्याचा मोह अनेकांना होतो. पण सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेली रक्कम सामान्यतः करपात्र ठरते आणि चक्रवाढीची साखळीही तुटते. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असल्यास ते शैक्षणिक कर्जाच्या आधी फेडावे, कारण त्यांचा दर बहुधा अधिक असतो.

त्यानंतर उरलेल्या रकमेसाठी करोत्तर व्याजदर हा निकष लावावा. तो निश्चित परताव्याच्या साधनांपेक्षा स्पष्टपणे अधिक असेल, तर कर्जफेडीला प्राधान्य द्यावे. कमी असेल, तर हप्ता नियमित भरून गुंतवणूक करावी. दोन्ही दर जवळपास सारखे असल्यास रक्कम निम्मी-निम्मी विभागणेही शहाणपणाचे.

फ्लोटिंग व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना मनाई केली आहे. जादा रक्कम भरताना हप्ता कमी न करता मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी कळवावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. घर तारण असल्यास त्याची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे. कर्जाच्या शेवटच्या हप्त्याआधीच त्याच तारखेची, त्याच रकमेची गुंतवणूक सुरू करण्याची सूचना बँकेला देऊन ठेवली, तर सुटलेला हप्ता खर्चात न विरता निवृत्तीच्या कामी येईल.