केळीचा खांब आणि आंबटाची पारख

लक्ष्मीपूजनाला आमच्या खानदेशात दाराशी केळीचे खांब बांधतात आणि चार दिवसांनी तेच उकिरड्यावर जातात. जळगावकडे तर बांधाबांधावर खोडांचे ढीग कुजत असतात. घड उतरला की त्या झाडाचे काम संपले. या ढिगातून आंबटाची पारख करणारी वस्तू निघेल असे लहानपणी कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो.

तसे पाहिले तर ही पारख घरोघर होतीच. हळदीच्या डागाला साबण लावताच तो तांबडा होतो, हे कोणत्या गृहिणीने पाहिलेले नाही? हळद क्षार ओळखते. आंबटापुढे मात्र पिवळीच राहते. रॉबर्ट बॉइल या अँग्लो-आयरिश पंडिताने १६६४ साली व्हायोलेट फुलांचा पाक वापरून दोन्ही ओळखले: आम्लाने तांबडा, क्षाराने हिरवा. पुढे १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (ती बियरच्या कारखान्याची, बरे का!) सोरेन्सन यांनी आंबटपणाला अंकांचे माप दिले. तोच आजचा ‘पीएच’.

२००४ साली अमेरिकेत काजळीतून कार्बनच्या नळ्या वेगळ्या करताना काही कण चमकताना आढळले. शोध लागला तो असा, दुसरेच काही शोधताना! मग साखर, फळांचे रस, साली यांपासूनही ते होतात असे दिसून आले. २०१३ साली आसामातल्या तेजपूर विद्यापीठातून केळीच्या रसापासून केलेल्या कणांचा निबंध प्रसिद्ध झाला. आमच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माण संस्थेतही ग्राफीनच्या अशाच कणांवर काम झाले आहे.

कृती कुकरासारखीच. वनस्पतीचा चोथा पाण्यासह बंद भांड्यात, सुमारे १८० ते २०० अंशांवर काही तास शिजवायचा. त्यातली शर्करा करपून दहा नॅनोमीटरहूनही लहान कण बनतात. जंबुपार किरणांखाली ते बहुधा निळे चमकतात. त्यांच्या अंगावरचे अणुगट आंबट पाण्यात हायड्रोजनचे कण धरतात, क्षारात सोडतात. तशी चमक कमीअधिक होते. तीच मोजायची.

‘कचऱ्यातून सोने’ म्हणून नाचण्याची मला मात्र घाई नाही. चकलीचा एक घाणा खुसखुशीत, दुसरा मऊ, तशीच गत इथेही आहे. खोड कोणत्या शेतातले, किती वाळलेले, आच किती, यावर कणांचा गुण बदलतो. एका घाण्याचे माप दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून प्रत्येक घाणा आधी माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणांशी ताडून पाहावा लागतो.